दुमडलेला कोपरा

भिसेगावच्या चहाच्या टपरीवर एक व्यापारी दर रविवारी जुनी क्रिकेटची कार्डं पारखत बसायचा. हातात पांढरे हातमोजे, डोळ्याला भिंग. माझ्या थोरल्या भावाची, दादाची, बबलगमबरोबर मिळालेली कार्डं मी किंमत विचारायला नेली. खेळाडू कोण, हे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. नुसते कोपरे तपासले.

"सगळे दुमडलेत! ह्यांना ग्रेड कोण देणार, न् ग्रेडशिवाय किंमत कसली? खेळलं की काय कुणी?"

माझं डोकंच फिरलं. "खेळायलाच घेतली व्हती ती, देवात ठेवायला नाय!"

गल्लीत सगळ्यांकडे सारखीच कार्डं. आपलं ओळखू यावं म्हणून दादा कोपरा दुमडायचा. आता दादा नाही, तेवढी खूण आहे.

आणि हा गृहस्थ नखानं ती सरळ करायला लागला! मी कार्ड हिसकावलं आणि त्याच्या भिंगासमोरच कोपरा पुन्हा दुमडला.