अक्षयाची फेलोशिप

दाभोळच्या मोरू तांडेलाची मुलगी अक्षया कुणाला भीत नाही, असं धक्क्यावर सगळे म्हणायचे. ते खरं नव्हतं. पुण्याला रिअल इस्टेटच्या एम.बी.ए.ला गेल्यापासून ती कायम धास्तावलेली असायची. वर्गातल्या बऱ्याच जणांचे बाप बिल्डर. तिची फी मात्र फेलोशिपवर चालायची, आणि ती गेली तर शिक्षणच संपलं.

फेलोशिप एका बांधकाम कंपनीच्या प्रतिष्ठानाची होती. विषय अक्षयानेच निवडला होता: दापोलीच्या किनाऱ्यावर जमिनी कोण विकतं आणि का. मे महिन्यात ती केळशीजवळच्या एका वाडीत सातबारे घेऊन घरोघर फिरू लागली. सुरुवातीला लोकांनी पाणी दिलं, गप्पा मारल्या. दुपारपर्यंत बातमी फिरली आणि दारं लागू लागली. मग एक मोटरसायकल मागे लागली. अक्षया थांबली की तीही थांबायची. वर उघडा कातळ, मोबाइलला रेंज नाही. दिसेल त्या अंगणात ती शिरली.

तिथे गुणवंती नावाची म्हातारी कोकमं वाळत घालत होती. मोटरसायकलवाला पाठोपाठ आला, आणखी चार-पाच पुरुष आले. एकाने फाटक लावून घेतलं.

“कुठल्या एजंटाची तू?” मोटरसायकलवाल्याने विचारलं.

“एजंटाची नाही, काका. शिकते मी. दाभोळची आहे.”

“गेल्या साली पन एक शिकनाराच आलेला. नावं लिवून नेलान. मागनं त्याच घरांत जमिनी घेनाऱ्यांची गाडी आली. माझ्या भावाला दारू पाजून सही घेतली.”

अक्षया दोन पावलं मागे सरकली.

“तिला भिववू नको रे,” गुणवंती म्हणाली. “बस गो बाय. पन सांग, तुझ्या शिक्षनाचे पैसे भरतंय कोन?”

कंपनीचं नाव अक्षयाच्या तोंडातून निघेना. शेवटी तिने ते सांगितलं. आता मार बसणार, असं तिला वाटलं. मोटरसायकलवाल्याने फाटक उघडलं.

“जा घरी,” तो म्हणाला.

दापोली स्टँडवरून तिने पुण्याच्या सरांना फोन लावला.

“सर, मी गोळा केलेली माहिती कोण बघतं?”

“प्रतिष्ठान बघतं. पैसे त्यांचेच आहेत ना?”

आता तिला त्या माणसांची नाही, स्वतःच्याच कागदांची भीती वाटू लागली. अहवालातून तिने नावं आणि गट क्रमांक काढून टाकले. पुण्याच्या बैठकीत प्रतिष्ठानाच्या साहेबांनी ते मागितले तेव्हा तिचा आवाज इतका फुटला, की “देणार नाही” हे तिला पुन्हा म्हणावं लागलं. साहेब हसले, त्यांनी चहा मागवला. दुसऱ्या वर्षाची फेलोशिप मात्र आली नाही.

तिने फोनवर बापाला सगळं सांगितलं. मोरू म्हणाला, “बरा केलंस. पन परत नको येऊ. शिक.”

घर-जमिनींच्या मूल्यांकनाच्या एका ऑफिसात नोकरी करत ती वर्षभर उशिरा पास झाली. आज ती रत्नागिरीत बँकांसाठी घरांच्या किमती ठरवते.

परवा दिशा नावाची एक मुलगी तिला विचारायला आली. त्याच फेलोशिपला अर्ज करू का?

“कर,” अक्षया म्हणाली. “पण तुझी माहिती कुणाकडे जाते, ते आधी विचार.”

दिशा खुशीत गेली. ती ते खरंच विचारेल की नाही, या काळजीने अक्षयाचं त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही.