तुम्ही आधी, व्याहीबुवा

फरशीवाल्यांनी आयुष्यात कुठलीही वस्तू तीन ठिकाणी बघितल्याशिवाय घेतली नाही. मुलीसाठी स्थळंसुद्धा तीनच बघितली आणि तिसरं पसंत केलं. त्यामुळे जावयाच्या वडिलांनी, म्हणजे व्याह्यांनी, गाडी काढून तीन गावांतली तीन सार्वजनिक गोल्फ मैदानं खेळून बघायची टूम काढली तेव्हा हे एका पायावर तयार झाले. गोल्फचं खूळ व्याह्यांनीच लग्नानंतर त्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

जायचं खरं कारण मात्र वेगळं होतं. मुलगी माहेरी येऊन राहिली होती आणि परत जायचं नाव काढत नव्हती. "तो बोलत नाही, नुसता ओरडतो," एवढंच तिनं सांगितलं. त्यावर फरशीवाल्यांनी भांड्याला भांडं लागायचंच हे तिला चारदा ऐकवलं. आता व्याह्यांशी बोलून तिला मानानं परत पाठवायचं, असा बेत होता. निघताना बायकोनं बजावलं, "अहो, विषय काढा. आणि जिंकू नका."

जिंकण्याची भीती नव्हतीच. पहिल्या मैदानावर चेंडूला काठी लागायलाच उशीर झाला.

"तुम्ही आधी, व्याहीबुवा."

"छे छे, वयानं मोठे तुम्ही."

"पण मुलाकडचे तुम्ही!"

"अहो काका, कोणीतरी मारा!" मागे खोळंबलेल्या पोरांपैकी एक ओरडला. मग दोघांनी मारले, दोघांचे झुडपात गेले, आणि दोघांनी एकमेकांना वाहवा म्हटलं. चेंडू कसाबसा होलजवळ आला की "गेला असं धरून चालू" म्हणून समोरच्याचा उचलून द्यायचा, हाही शिष्टाचार आपोआप ठरला. हिरवळीवर फरशीवाले, जन्मभर फरश्या बसवल्याच्या सवयीनं, एक डोळा मिटून उकिडवे बसले. "उतार चुकलाय. पाणी सगळं त्या कोपऱ्यात साचणार."

"बाथरूम नाही हो ते," व्याही म्हणाले.

दुसऱ्या मैदानावर फरशीवाल्यांनी धीर केला. "व्याहीबुवा, मुलांचं जरा..."

"इथली वाळू बघितलीत? कालच्यापेक्षा बारीक आहे."

"बारीक आहे, पण ओली आहे," फरशीवाले म्हणाले आणि स्वतःवरच चिडले. मग वाळूवर बराच वेळ चर्चा झाली. व्याही दातांचे डॉक्टर. जन्मभर लोकांना "आ करा" सांगणारा हा माणूस या एका विषयावर तोंड उघडायला तयार नव्हता. तिसऱ्या गावापर्यंत गाडीत दोघं कुठल्या मैदानाचं स्वच्छतागृह बरं, यावर बोलत राहिले.

तिसरं मैदान मात्र नंबर एक निघालं. फरशीवाल्यांनाही खोट सापडेना. शेवटच्या होलला व्याह्यांचा चेंडू वीतभर अंतरावर थांबला.

"गेला असं धरून चालू," फरशीवाले खाली वाकत म्हणाले.

"नको!" व्याही एकदम म्हणाले. "धरून चालूनच वाट लागली माझी. पोरगा लहानपणापासून तापट. मोठा झाला की निवळेल असं धरून चाललो. लग्न झालं की निवळेल असं धरून चाललो. तुम्हाला एका शब्दानं सांगितलं नाही." त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "तुमच्या मुलीला आमच्याकडे पाठवू नका. तो तिच्यावर हात उगारतो. मी बघितलंय."

वाकलेले फरशीवाले सरळ उभे राहिले. पोरीनं आधीच कमी सांगितलं होतं, आणि आपण तेवढंही ऐकून घेतलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. तरी तोंडातून निघालं तेच, "पण लोक काय म्हणतील?"

"लोक मागे खोळंबलेत," व्याही डोळे पुसत म्हणाले, आणि त्यांनी चेंडू मारला. चुकला.

घरी पोचताच बायकोनं विचारलं, "काढलात का विषय?"

"त्यांनीच काढला," फरशीवाले म्हणाले आणि सगळं सांगितलं. मुलगी आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. तिच्याकडे वळून ते म्हणाले, "तू कुठेही जायचं नाहीस. इथेच राहायचं."

मुलीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "हे तुम्ही म्हणताय बाबा, की सासऱ्यांनी परवानगी दिली म्हणून?"

फरशीवाल्यांनी बायकोकडे बघितलं. तीही उत्तराची वाट बघत होती.