आनंदीकाकींचा पाण्याचा दिवस

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो, पण पाणी मोजायला शिकलो ते आनंदीकाकींकडून. त्यांचं शेत धामापूरच्या बाजूला, पाटाच्या अगदी शेवटाला. तलावाचं पाणी सगळ्यांच्या पाळ्या झाल्या की काकींच्या वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताला मिळायचं, तेही आठवड्यातून एकच दिवस. त्या दिवशी वरच्या कुणी पाटाला हात लावायचा नाही.

१९८४च्या फेब्रुवारीत, काकींच्या पाण्याच्या दिवशीच, पाळ्या ठरवणाऱ्या भाईंच्या अंगणात पाटाची बैठक होती. काकींच्या वरच्या अंगाला पोफळीची बाग असलेला परशुराम म्हणाला, "वयनीच्या शेताकडे पाणी कसा धावता बघा! तिका अर्धो दिस पुरे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्धा दिवस म्हणजे पोटरीतलं, लोंबी फुटायच्या बेतातलं भात करपणार, घरचा वर्षाचा तांदूळ गेला. पाट अरुंद झाला की तेच पाणी वेगाने जातं, हे मी दर वर्षी फळ्यावर शिकवत होतो. तरी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. त्याची मला अजून लाज वाटते.

काकी उठल्या. "धावता म्हणान जास्त जाता काय रे? चला, मोजूया."

परशुरामाच्या बागेच्या वर पाट तीन हात रुंद, वीतभर खोल. काकींनी दहा पावलांवर दोन काठ्या रोवल्या, जांभळीचं पान सोडलं आणि आम्हा सगळ्यांना मोठ्याने आकडे मोजायला लावले. पान दुसऱ्या काठीशी चोवीसला पोचलं. मग खाली त्यांच्या शेतापाशी आलो. तिथे खोली तेवढीच, पण रुंदी एकच हात.

"हय पाणी तिप्पट धावाक होया. आठात पान पोचाक होया," काकींनी आधीच सांगून टाकलं.

आठ झाले. पान अजून वाटेतच होतं. पोचलं बाराला.

"तिसरो वाटो पाणी खंय गेला?" काकींनी विचारलं.

मधे एकच बाग होती. काकी पाटाच्या काठाने उलट चालत गेल्या. बागेच्या बांधाला तळाशी मनगटाएवढी भोकं होती आणि त्यातून पाणी थेट पोफळींच्या मुळाशी जात होतं.

"कुर्ल्यांची बिळां ती," परशुराम खेकड्यांवर ढकलत पुटपुटला.

"कुर्ल्यांका तुझीच बाग बरी गावली!" काकी म्हणाल्या.

लोक खो खो हसले. काकी हसल्या नाहीत. लुगडं खोचून पाटात उतरल्या आणि दगड-चिखलाने भोकं बुजवू लागल्या. या खेपेला मीही उतरलो.

भाई घसा खाकरत म्हणाले, "आनंदी, तुझो दिस पुरो रवतलो."

काकींनी चिखलाच्या हातानेच कपाळावरचा घाम पुसला. "दिस माझो होतोच, भाईनू. आता पाणी पण गावतला."