मोहाखालचा धूर

डोळे मिटले की मला अजून ते मोहाचं झाड दिसतं. पोंभुर्ण्याच्या बाजूचं जंगल, उन्हाळा नुकता लागलेला, झाडावर पान म्हणून नाही. फुलं आपोआप सुटतात आणि टप्प करून पडतात. गोड, जड वास. खाली पाचोळा धुमसतो आहे, उन्हाची तिरीप धुरातून उतरते आहे आणि खालच्या फांदीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत माझी वर्षाची लेक त्या पांढऱ्या धुरात तरंगल्यासारखी झुलते आहे.

इतकं मी पुष्कळांना सांगितलं आहे. पुढचं परवापर्यंत कुणालाच नाही.

मोहाखालचा पाचोळा जाळायची आमच्याकडे रीतच आहे. जमीन साफ असली की फुलं दिसतात, वेचायला सोपी जातात. त्यासाठी हंगामाच्या सुरुवातीला एकदा जाळलं की पुरतं. मी मात्र रोज जाळत असे. वर ओला पाला टाकायचा, म्हणजे विस्तव भडकत नाही, धूर होत राहतो. धुराला अस्वल येत नाही, माशी बसत नाही. बायको टोपली घेऊन फुलं वेची. मी झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून आडवा पडे आणि अर्धवट झोपेत पाय हलवत राही. फांद्यांची काय ती विरळ सावली तेवढी तिथंच होती.

"अहो, पोरीले धूर लागून राह्यला. झोळी तिकडे बांधा नं," बायको म्हणायची.

"तिकडे ऊन आहे. अन् अस्वल आलं त तू पाहशील काय?"

बाजूच्या मोहाखालची म्हातारी ओरडायची, "राहू दे वो बाई! बाप पोरीले मासोळीवानी धुरावर सुकवून राह्यला!"

आम्ही सगळे हसायचो. लेक खोकायची. मी अंगठा हलवायचो, झोळी झुलायची, ती पुन्हा झोपायची. त्या हंगामात असंच, पुढच्याही हंगामात असंच.

लेक चालायला लागली, पण पळाली की छातीत शिट्टी वाजायची. पावसाळ्यात उशीला टेकून बसायची आणि मासा पाण्याबाहेर यावा तसं तोंड उघडायची. माझी आई म्हणाली, "हे आपल्या घरचं नाई. हिच्या मायच्या बापाले धाप लागत होती, तेच उतरलं." मी मान हलवली. पुढं तेच मी सोयऱ्यांना सांगितलं, शाळेतल्या बाईंना सांगितलं, लेकीलाही सांगितलं. बायको चुलीपुढं बसून ऐकायची. भांडायची नाही. माहेरी जायची मात्र हळूहळू बंद झाली.

बायको मागल्या साली गेली. मी आता बल्लारपूरला लेकीकडं राहतो. नात पाच वर्षांची आहे, धडधाकट. तिला पळू देत नाहीत. लेक तिला अंगणाच्या फाटकाबाहेर जाऊ देत नाही. बाकीची पोरं पळतात आणि ही पायरीवर बसून टाळ्या वाजवते.

परवा लेकीला चंद्रपूरला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर पोरगेलेसे होते. त्यांनी विचारलं, "अगदी लहान असताना घरात धूर वगैरे होता का? त्या वयात फुप्फुसं वाढत असतात, तेव्हाचं दुखणं जन्मभर साथ करतं."

"नाई जी," लेक म्हणाली. "आमच्या मायकडचा दमा आहे. पोरीले बी होईन म्हणून भेव वाटते."

मी शेजारच्या खुर्चीवर होतो.

घरी आल्यावर ती पायरीवर तांदूळ निवडायला बसली, तेव्हा सांगितलं. झोळी, ओला पाला, अंगठ्याची दोरी, सगळं. म्हटलं, "धुरानंच झालं असं मी छातीवर हात ठेवून नाई सांगू शकत. पण तुझ्या मायकडून आलं, हे मले कधीच माहीत नव्हतं. तरी मी बोलत राह्यलो."

तिचा हात सुपात थांबला. "मायले मालूम होतं?"

"ती तर झोळी तिकडे बांधा म्हणून रोज सांगे."

"मंग हे तिच्या पुढं बोलाचं होतं तुमी, बा. मले आता सांगून काय होते?"

ती कितीतरी वेळ तांदूळच निवडत राहिली, निवडलेलेच पुन्हा.

मग तिनं नातीला हाक मारली. "जाय. त्या पोरांसंगं पळून ये. चप्पल घालून जाय पण."

नात आधी माझ्याकडं पाहत राहिली, कुणी चेष्टा करत असल्यासारखं. मग फाटक वाजलं. समोरच्या मैदानात संध्याकाळचं ऊन होतं आणि पोरांच्या पायांनी उडालेली धूळ. त्या सोनेरी धुळीत ती दिसेनाशी झाली. क्षणभर मी झोळीची फांदी शोधू लागलो. माझ्या शेजारी लेक उभी राहिली होती, मुठीत स्वतःचा श्वासाचा पंप घट्ट धरून.

नात धापा टाकत आली. लेकीनं तिला जवळ ओढून छातीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग माझ्याकडं न बघता बाजूला सरकली.

"तुमी ऐका, बा. माह्या कानावर मले भरोसा नाई."

मी वाकलो. घामाचा वास आला, मातीचा आला. आत नुसतं काळीज धडधडत होतं. शिट्टी नव्हती.

"काई नाई," मी म्हणालो.

"खरं सांगून राह्यले नं?" लेकीनं विचारलं.