तांबड्या जिवाणूंची परीक्षा

लोणारच्या खाऱ्या पाण्यात सूर्यप्रकाशावर जगणारे तांबूस जिवाणू सापडतात. त्यांच्या प्रथिनांची यादी काढता येते, पण त्यातली कितीतरी नेमकं काय काम करतात हे कुणालाच ठाऊक नसतं. ते ओळखायला संगणकाला शिकवायचं, हा माझ्या पीएचडीचा विषय. ओळखीची हजारो प्रथिनं त्याला दाखवायची आणि थोडी झाकून ठेवून त्यांवर परीक्षा घ्यायची.

माझं मॉडेल परीक्षेत जवळजवळ सगळं बरोबर सांगायचं आणि मी हवेत होते. मार्गदर्शक बाईंनी बजावलं, "अनोळखी चार प्रथिनं प्रयोगशाळेत तपासू. मॉडेलचा एकाबद्दलचाही अंदाज खरा निघाला नाही, तर विषय बदल." म्हणजे माझी तीन वर्षं पाण्यात.

दिवाळीला लोणारकडच्या बीबीजवळ आमच्या गावी आले. बाबा पऱ्हाटीत कापूस वेचत होते. मी बढाई मारली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते झाकेल कुठून आनले?"

"त्याच ढिगातून."

"मंग काय परीक्षा झाली वं?"

मला रागच आला. बाबा खुशाल सांगू लागले. बीटी कापसाचं बी नवं होतं तेव्हा बियाणेवाल्यांनी गावच्या लोकांना जीपमधून धाड गावाकडे नेलं होतं. रस्त्याकडेचं वावर, काळी जमीन, विहिरीचं पाणी, बोंडांनी लगडलेली झाडं. पोहे खाऊन, फुकटची टोपी घालून सगळे परतले आणि तेच बी आमच्या मुरमाड कोरडवाहू रानात टोबलं. पानं लाल पडून झाडं वाळली.

"झाड खोटं नव्हतं, पोरी. आमी पाह्याले गेलो ते वावरच आपल्यासारखं नव्हतं."

परतल्यावर मी धसक्यानेच तपासलं. झाकलेली बहुतेक प्रथिनं शिकवलेल्यांचीच चुलतभावंडं निघाली. कुळंच्या कुळं वेगळी काढून परीक्षा घेतली, तर मॉडेल सपशेल आपटलं. मग पहिल्यापासून बांधायला घेतलं, वर्ष गेलं.

नव्या मॉडेलने निवडलेल्या चारांपैकी तीन प्रयोगात चुकली. उरलेलं चौथं तांबडा रंग बनवायला लागतं, असं त्याचं म्हणणं होतं. तसं असेल तर त्याचं जनुक काढल्यावर तांबड्याखाली झाकलेला रंग उघडा पडून जिवाणू हिरवे दिसायला हवेत. एका सकाळी काचेची बशी उचलली आणि पाहते तर हिरवे ठिपके! मी अक्षरशः ओरडले. बाईसुद्धा हसल्या.

लगेच बाबांना फोन लावला.

"हिरवे झाले, बाबा! मॉडेल म्हणालं तस्संच!"

"वा रे माही वाघीन! अन् बाकीचे तीन?"

"चुकली."

"ते बी लिहिजो. तुह्या भरोशावर उद्या कोनाची तरी पोरगी तीन वर्षं घालवन."

प्रबंधात त्या तिघांचं प्रकरण मी आधी लिहिलं.