नाकावुंडेचा डावा खांदा

मला सगळे नालोंगो म्हणतात. जुळ्यांच्या आईला आमच्याकडे हेच नाव चिकटतं, तिचं स्वतःचं नाव मग फक्त चर्चच्या रजिस्टरात उरतं. मसाका गावात बाजारामागे माझं शिवणाचं दुकान आहे आणि बावीस वर्षं मी गोमेसीशिवाय दुसरं काही शिवलेलं नाही. पायघोळ, चौकोनी गळ्याची, कमरेला रुंद पट्टा आणि दोन्ही खांद्यांवर ताठ उभी टोकं. लग्नकार्यात बाई गोमेसी न घालता आली तर ती आली असं कोणी धरतच नाही. शिंपिणीची सगळी अब्रू त्या दोन टोकांवर असते. ती एका रेषेत नसली की बाजारभर बोभाटा होतो.

आणि माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक कोण, तर नाकावुंडे. तिचे खांदे देवानेच एका रेषेत ठेवले नव्हते.

तेराव्या वर्षी तिचा कणा वळायला लागला. डावा खांदा खाली गेला, उजव्या खांद्याचं पातं मागे निघालं, कंबर भलतीकडेच. आजी म्हणाली, भावंडं एकाच कडेवर घेतली म्हणून. शेजारीण म्हणाली, पाण्याचा कॅन एकाच हाताने उचलते म्हणून. खरं कारण कोणालाच माहीत नव्हतं, पण गप्प बसेल ती शेजारीण कसली. पुढे नाकावुंडे चटया विणायला लागली. जमिनीवर पाय पसरून, डावीकडे कलून, दिवसभर. बाजारातले टारगट विचारायचे, "नाकावुंडे, काय पडलं खाली? सापडलं का?" ती हसायची. मला मात्र एकेकाला कात्री फेकून मारावीशी वाटायची.

तिच्या गोमेसीत मी डाव्या खांद्यात तीन बोटं जाड गादी भरायचे. दोन्ही टोकं समान. कोणाला काही कळायचं नाही, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

गेल्या वर्षी तिच्या भावाच्या, लुबोवाच्या मुलीचं जमलं. मुलीचं नाव प्रोस्कोविया, आमची प्रोसी. मुलाकडचे लोक वाजतगाजत मुलीच्या घरी येतात, त्या दिवशी सगळा मान आत्याचा. तिने पाहुण्यांसमोर गुडघे टेकायचे, उठायचं, आणि मुलाकडच्या पांढऱ्या झग्यातल्या पुरुषांच्या रांगांतून नवरा मुलगा हुडकून काढायचा. आत्याने हात धरून आणला नाही तर नवरा नवराच नाही. लुबोवाला बहीण एकच, नाकावुंडे.

लुबोवाची बायको नाकिबुले माझ्या दुकानात आली तेव्हा नाकावुंडे तिथेच बसली होती.

"वन्सं, राग मानू नका," नाकिबुले म्हणाली. "व्हिडिओवाला येणार आहे. तुम्हाला गुडघे टेकून उठायला दोघींचा आधार लागतो. सगळ्यांदेखत ते बरं दिसेल का? माझी मावसबहीण उभी राहील आत्या म्हणून."

"बरोबर बोलतेस, वहिनी," नाकावुंडे खाली मान घालून म्हणाली.

"काय बरोबर?" माझं डोकंच फिरलं. "आत्या काय दुकानात मिळते? मग मुलीला आईही दुसरी आणू या, तूही जरा जाडच आहेस व्हिडिओला."

नाकिबुले फणकारली. पण प्रोसी आईच्या मागेच उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "आत्या नसेल तर मी खोलीबाहेर येणार नाही. पाहुण्यांनी जेवावं आणि घरी जावं."

नाकिबुले तशी वाईट बाई नाही, पण हट्टी. "ठीक आहे," ती म्हणाली. "कार्याला नऊ महिने आहेत. त्या दिवशी वन्सं आधाराशिवाय उठल्या आणि सरळ उभ्या राहिल्या, तर मी तोंड उघडणार नाही. नाहीतर माझी बहीण."

दुसऱ्याच दिवशी मी नाकावुंडेला मोटारसायकलवर मागे बसवून मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे अकेलो नावाची उत्तरेकडची तरुण बाई व्यायाम शिकवते. तिने एक्स-रे उजेडात धरला, मग नाकावुंडेला भिंतीला पाठ लावून उभं केलं.

"हे हाड आता सरळ होणार नाही," अकेलो म्हणाली. "आणि हे कडेवरच्या पोरांनी नाही झालेलं, कॅनमुळेही नाही. यात तुमची काही चूक नाही. पण तुमच्या वाकण्यात अर्धा भाग हाडाचा आहे, अर्धा सवयीचा. लोक बघतात म्हणून तुम्ही पाठ चोरता."

नाकावुंडेने एक्स-रे स्वतःच्या हातात घेतला. बेचाळीस वर्षांची बाई, आणि तिची चूक नाही हे तिला पहिल्यांदा कोणी सांगत होतं. मग ती म्हणाली, "सवयीचं अर्धं कधी काढायचं?"

"आत्तापासून," अकेलो म्हणाली.

मग जे सुरू झालं ते काय सांगू. कुशीवर झोपून दबलेल्या बरगड्यांत श्वास भरायचा. भिंतीला टाचा लावून उभं राहायचं. चटई विणताना खाली उशी, पाठीला आधार, दर अर्ध्या तासाला उठायचं. पहिले तीन आठवडे ती मला शिव्या देत होती. पाचव्या आठवड्यात धावत आली, "नालोंगो, आज मटोकेचं, कच्च्या केळ्यांनी भरलेलं मोठं पातेलं मी एकटीने चुलीवरून उतरवलं, आणि कंबर बोलली नाही." माझ्या दुकानात गुडघे टेकायची तालीम व्हायची. गिऱ्हाइकं बसून मोजायची. एकदा ती कापडाच्या गठ्ठ्यावर आडवी पडली आणि आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. सातव्या महिन्यात ती हात न टेकता उठली. मी मशीन सोडून अशी काही नाचले की शेजारचा न्हावी अर्धी दाढी तशीच टाकून बघायला आला.

त्याच आनंदात मी ठरवलं, गोमेसी माझ्याकडून. जांभळी, सोनेरी पट्ट्याची. माप घेतलं का? छे. आमच्या गावात जुन्या गिऱ्हाइकाला टेप लावणं म्हणजे तिचा अपमान, ती लगेच विचारते, जाड झाले का मी? शिवाय नाकावुंडेचं माप मला तोंडपाठ. डाव्या खांद्यात तीन बोटं गादी. भरली, टाके घातले, इस्त्री केली.

कार्याच्या दिवशी सकाळी आतल्या खोलीत, नाकिबुले दारात उभी असताना, तिला गोमेसी घातली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. डावं टोक वर, उजवं खाली. इतकी वाकडी ती आयुष्यात दिसली नव्हती. बाहेर पाहुणे येऊन बसले होते, ढोल वाजत होता.

नाकावुंडेने आरशात पाहिलं आणि मटकन खाटेवर बसली. "वाढलंय," ती म्हणाली. "नऊ महिने मातीत गेले. वहिनी, तुझ्या बहिणीला बोलाव."

नाकिबुलेची मावसबहीण तर सजून तिच्या मागेच उभी होती. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं की वाढलंय; डावं टोक खाली नाही, वर आहे, हे ध्यानातच आलं नाही. मग मी गळ्यातली टेप काढली आणि एका खांद्यावरून दुसऱ्यावर धरली. पुन्हा धरली. तिसऱ्यांदाही धरली.

"अगं, खांदा आता एकच बोट खाली," मी म्हणाले. "तीन बोटांचं एक बोट राहिलंय. तू वाकडी नाहीस, माझं शिवण वाकडं आहे. ऊठ. ब्लेड द्या कोणीतरी."

टाके उसवले, गादी ओढून काढली, एका बोटाएवढी परत भरली आणि अंगावरच शिवली. दोनदा सुई टोचली तिला, ती हूं की चूं करेना. बाहेरून आत्याच्या नावाचा पुकारा झाला. नाकिबुले दारातून बाजूला झाली.

नाकावुंडे मंडपात गेली. पाहुण्यांसमोर गुडघे टेकले, नमस्कार केला. आणि उठली. हात न टेकता, कोणाकडे न बघता.

मुलाकडून बोलायला आणलेला माणूस जिभेचा तिखट होता. तो हात वर करून म्हणाला, "लुबोवाच्या मंडळींनो, आम्हाला फसवता? मुलीची आत्या वाकडी आहे, तिला उठवायला दोन बायका लागतात, हे आम्ही चौकशी करून आलोय. ही भाड्याची आत्या आत न्या आणि खरी आणा. तोवर नवरा मिळणार नाही."

मंडप हसला. आमच्याकडे अशी थट्टा चालतेच, पण हा माणूस थट्टा करत नव्हता, त्याला खरंच पटत नव्हतं.

नाकावुंडे वळली. जी पाठ तिने तीस वर्षं भिंतीकडे करून ठेवली होती, ती तिने दोनशे माणसांकडे केली.

"मागून बघा," ती म्हणाली. "हाड अजून वाकडंच आहे. असलं हाड कोणी भाड्याने देत नाही."

हसू थांबलं. तो माणूस गडबडला आणि बायकांच्या बाजूला बघून म्हणाला, "मग मुलीच्या आईने सांगावं."

नाकिबुलेच्या एका बाजूला मी होते, दुसऱ्या बाजूला तिची सजलेली बहीण. नाकिबुले पुढे झाली, सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसली.

"हीच माझ्या प्रोसीची आत्या," ती म्हणाली. "दुसरी नाही. दुसरी शोधायला निघाले होते ती मी, आणि ते माझं चुकलं."

नाकावुंडेने तिला हाताला धरून उठवलं. मग ती नवरा हुडकायला रांगांमध्ये शिरली.