शब्द शोधत जुन्या नाशकात

गेल्या हिवाळ्यात मी जुनं नाशिक पायी पालथं घातलं, आणि तेही बोलत बोलत. यात सांगण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. म्हणून आधी त्याच्या मागचं सांगते.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मला मेंदूचा झटका आला. सकाळी कुकर लावत होते. नवऱ्याला म्हणायचं होतं, "झाकण द्या." तोंडातून निघालं, "रविवार द्या." तो हसला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून मी वाचले. पाय बऱ्यापैकी सुधारला, उजवा हात थोडा जड राहिला. खरा घोळ झाला तो शब्दांचा. समोरची वस्तू दिसायची, तिचा उपयोग ठाऊक असायचा, पण नाव मागितलं की डोक्यात नुसती पाटी कोरी. कधी भलतंच नाव यायचं. चावीला चमचा म्हणायचे, सुनेला सासू. डावं-उजवं तर कायम उलटं.

आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई मी. माझा आवाज मैदानाच्या पलीकडे जायचा. आणि आता मी "पा... पा..." करत उभी राहिले की घरातलं कोणीतरी पटकन म्हणायचं, "पाणी? पापड? पाकीट?" सगळे प्रेमानेच करायचे, पण माझं प्रत्येक वाक्य दुसऱ्याच्या तोंडून पुरं व्हायला लागलं. हळूहळू मी वाक्य सुरूच करेनाशी झाले. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "घरात नाही, बाहेर बोला. अनोळखी माणसांशी बोला." मी मान डोलवायचे आणि घरी येऊन टीव्ही लावायचे.

दिवाळी झाली आणि मनमाडहून माझी नणंद राहायला आली. रेल्वेतली नोकरी करून निवृत्त झालेली, नवऱ्याहून धाकटी, आवाजात आख्खं जंक्शन. तिने एक-दोन दिवस सगळं पाहिलं. मग पुण्याला असलेल्या माझ्या मुलीला फोन लावला आणि आतल्या खोलीत जाऊन दोघींचं काहीतरी शिजलं. संध्याकाळी माझ्या मोबाइलवर एक नवं ॲप आलं.

"वहिनी, हा खेळ आहे," नणंद म्हणाली. "जुन्या नाशकात पायी फिरायचं. गाइड नाही, काही नाही. ठिकाणी पोचलं की हा एक कोडं घालतो. उत्तर शोधायचं, ते फोनला सांगायचं, मग तो पुढचा रस्ता दाखवतो. तुमचा हात जड आहे ना, म्हणून पोरीने बोलून लिहायची सोय चालू केली आहे."

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मी येते सोबत. पण एक सांगते. उद्या घरातून निघाल्यापासून माझं मौन. पाण्याची बाटली धरीन, रस्ता ओलांडताना हात धरीन. तोंड उघडणार नाही. विचारायचं तुम्ही, बोलायचं तुम्ही."

माझी नणंद आणि मौन! मला हसू आलं. खरं सांगायचं तर ती गंमत बघायला म्हणूनच मी तयार झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पंचवटीतल्या मालेगाव स्टँडला रिक्षातून उतरलो. थंडी चांगलीच होती. लोक कानाला मफलर गुंडाळून चहाच्या गाड्यांभोवती उभे होते. पंचवटीत मी शेकडो वेळा आले असेन, पण प्रत्येक वेळी कोणा पाहुण्याला दर्शन घडवायला, घाईघाईत. आज हातात फोन आणि शेजारी तोंडावर बोट ठेवलेली नणंद.

पहिलं कोडं कपालेश्वराच्या पायऱ्या चढून गेल्यावर उघडलं. "सगळ्या महादेवांपुढे जो बसतो, तो इथे बसत नाही. तो कोण?"

नाशकातल्या शेंबड्या पोरालाही येईल असं उत्तर. मला तो दिसत होता, त्याची शिंगं, त्याच्या पाठीवर ठेवलेलं बेलाचं पान, सगळं. मी फोनचं बटण दाबलं आणि म्हटलं, "घोडा."

फोन म्हणाला, चूक.

"बैल." पुन्हा चूक. "गाय." चूक. मागून दर्शनाला येणारे लोक वळून बघायला लागले. कानशिलं तापली. मी नणंदेकडे पाहिलं. तिला उत्तर येत होतं, ते तिच्या गालांपर्यंत आलं होतं, पण तिने ओठ घट्ट मिटले आणि गाभाऱ्याकडे बघत उभी राहिली. मला तिचा भयंकर राग आला. त्या रागातच मी एका खांबाला टेकले आणि व्यायामाच्या बाईंनी शिकवलेली युक्ती काढली. नाव येत नसेल तर त्याच्या आसपास फिरायचं. त्याच्या कानात लोक काय सांगतात? इच्छा. कुठे बसतो? दारात. शाळेच्या गॅदरिंगला पोरं दारोदार फिरणाऱ्या बैलाचं सोंग घ्यायची, त्याला काय म्हणायची? नंदीबैल!

"नंदी," मी म्हटलं. "नंदी, नंदी, नंदी!"

फोनने तिन्ही वेळा लिहून घेतलं आणि हिरवी खूण दाखवली. नणंदेने बाटली काखेत दाबून दोन्ही हातांनी बिनआवाजी टाळ्या वाजवल्या.

दुसरं कोडं होतं, पुराचं पाणी किती चढलं हे गाव कोणाला विचारतं. समोर नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभाच होता. त्याच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, गळ्याला लागलं, याच भाषेत आमच्या गावात पूर मोजतात. हे उत्तर मात्र अडलं नाही. "मारुती" हा शब्द तोंडातून असा सरळ निघाला की मलाच खरं वाटेना.

पण तिसऱ्याला गाठ पडली. नदीकाठच्या रामेश्वराच्या देवळावर ती प्रसिद्ध मोठी घंटा आहे. ॲपने विचारलं होतं, "या घंटेचं नाव घेऊन गावात कशा माणसाला चिडवतात? इथल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा आणि त्याचे शब्द सांगा." मला स्वतःलाच शाळेत सगळ्यांनी त्या घंटेचं नाव दिलं होतं, त्यामुळे उत्तर माहीत होतं. पण नणंदेने बोटाने फोनवरचं "विचारा" दाखवलं आणि मला पुढे ढकललं.

देवळाच्या बाजूला एक बाई फुलं, वाती, नारळ घेऊन बसली होती. वयाने माझ्याएवढीच. मी तिच्यापुढे उभी राहिले.

"काय पायजे, ताई?"

"घ..." मी म्हटलं. "घ..."

"घागर? गंगेचं पाणी न्यायचंय का? हे घ्या, पितळी हाय."

मी मान हलवली. "घ..."

"घट? घोंगडी? घोंगडी इथं नाय मिळायची."

तिचाही हेतू चांगलाच होता. पण कपालेश्वरापासून साठलेला राग पोटात होता आणि मागून शब्द पुरवणारं कोणी नव्हतं. मी हात वर केला, वर्गात गोंगाट झाला की करायचे तसा, आणि म्हटलं, "थांबा. मला बोलू द्या."

ती थांबली. एवढं सोपं होतं ते. कितीतरी महिन्यांत हे मी घरात कोणालाही म्हटलं नव्हतं. तिने हातातली फुलं टोपलीत ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी श्वास घेतला. घंटेकडे बोट केलं. "ही घंटा. हिचं नाव... कोणाला... चिडवायला?"

"हां, त्ये होय!" ती खळखळून हसली. "लय मोठ्यानं बोलत असल त्याला म्हनत्यात. घरातलं गावाला ऐकू घालतो त्याला. आमच्या सासूला म्हनायचे समदे."

"मला पण," मी म्हटलं. "शाळेत... मला पण म्हणायचे."

"तुम्हाला?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाटत नाय बा."

"वाटेल," मी म्हटलं. "थोडे दिवस थांबा."

आम्ही दोघी हसलो. मी फोनला उत्तर सांगितलं तेव्हा तिने मान पुढे करून ते पडद्यावर उमटताना पाहिलं, आणि मला एक झेंडूचं फूल दिलं. ते मी वेणीत खोवलं. उजवा हात वर जाईना, म्हणून डाव्याने खोवलं.

गोदावरीवरचा रामसेतू पूल ओलांडून आम्ही भांडी बाजारात शिरलो. दोन्ही बाजूंना तांब्या-पितळेची उतरंड, सकाळच्या उन्हात डोळे दिपवणारी. इथलं कोडं असं होतं: "पोटात विस्तव, भोवती पाणी, डोक्यावर धूर. ओळखा मला." दुकानं बघत मी सावकाश चालले. पराती, घंगाळं, समया. एका दुकानाच्या कोपऱ्यात ते उभं दिसलं, तांब्याचं, चकचकीत, खाली जाळी, बाजूला तोटी. लहानपणी थंडीत त्याच्याभोवती आम्ही भावंडं शेकत बसायचो. गोवऱ्यांचा तो वास, तोटीतून येणारं कढत पाणी, आईची हाक. नाव काही येईना. पण आता मला घाई नव्हती आणि शरमही वाटत नव्हती. दुकानदार उठून पुढे आला, तेव्हा मीच आधी हसून म्हटलं, "थांबा, आठवतेय." तो पुन्हा गादीवर बसला. मी त्याच्यावर तळहात ठेवला. गार होतं.

"बंब!"

मी ओरडलेच. समोरच्या दुकानातला माणूस दचकून उठला. नणंदेने कपाळाला हात लावला आणि तिचे खांदे हसून हसून हलायला लागले. फोनने हिरवी खूण दाखवली. मला कोणाला तरी मिठी मारावीशी वाटली. जवळ बंबच होता.

आणि मग जे घडलं ते कोणत्याही ॲपमध्ये नव्हतं.

आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो तर समोरून एक म्हातारं जोडपं आलं. डोक्यावर टोपी, हातात पिशवी, बाईंचं लुगडं बागलाणाकडच्या वळणाचं. म्हातारे माझ्याजवळ थांबले.

"ताई, काळारामनं मंदिर कोठे शे?"

नणंदेला अहिराणी उत्तम येते. मनमाडला तिच्या अर्ध्या मैत्रिणी त्याच भागातल्या. तिने उत्तर दिलं असतं तर म्हाताऱ्यांना आनंद झाला असता. पण तिने हात मागे बांधले आणि माझ्याकडे पाहिलं. म्हातारेही माझ्याकडेच बघत होते. त्यांना मी आजारी बाई दिसत नव्हते. रस्ता माहीत असलेली नाशिककर दिसत होते.

रस्ता म्हणजे डावं-उजवं. माझं डावं-उजवं कायम उलटं. चुकीचं सांगितलं तर ही दोन म्हातारी माणसं या गर्दीत भलतीकडेच जाणार. मी डोळे मिटले. जड हात तो उजवा. हलका हात तो डावा. मनातल्या मनात पूल ओलांडला, नदी शोधली, रामकुंड शोधलं. मग डोळे उघडून बोलायला लागले.

"हा पूल ओलांडा. पलीकडे गेलं की डावीकडे वळा. नदी डाव्या हाताला ठेवा आणि चालत राहा. रामकुंड येईल. तिथून उजवीकडे चढ आहे, तो चढा. वर गेलं की कोणीही सांगेल. चढ आहे, सावकाश जा. आजींना वाटेत जरा बसवा."

प्रत्येक वळण सांगताना मी हात त्या-त्या बाजूला केला होता. एकही शब्द अडला नाही. म्हाताऱ्यांनी सगळं एकदा म्हणून दाखवलं, मी "बरोबर" म्हटलं, आणि ती दोघं पुलाकडे निघाली. पुलावर पोचल्यावर आजींनी मागे वळून हात केला. ती पलीकडे जाऊन डावीकडे वळेपर्यंत मी जागची हलले नाही. वळली. बरोबर वळली.

शेवटचा टप्पा सरकारवाड्याच्या दगडी पायऱ्या. तिथे कोडं नव्हतं. "आज काय पाहिलंत ते स्वतःच्या आवाजात सांगा," एवढंच होतं. आम्ही पायरीवर टेकलो. मी बटण दाबलं आणि सांगायला लागले. मध्ये अडखळले. "परात" म्हणायचं तिथे "पंचमी" म्हटलं, मग "चुकलं, परात," म्हणून पुढे गेले. कोणीही मला शब्द पुरवला नाही. सराफ बाजाराची सगळी वर्दळ समोरून जात होती आणि मी बोलत होते. संपलं तेव्हा पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला.

नणंद ढसाढसा रडायला लागली, आणि रडता रडताच तिचं मौन सुटलं. "नंदी आठवेना तुम्हाला, नंदी! माझा जीव जायची वेळ आली होती हो, वहिनी! मरू दे ते मौन!" मग ती बोलतच सुटली.

मी ते बोलणं मुलीला पाठवलं. तिचा लगेच फोन आला.

"आई, हे कोणी लिहून दिलं होतं?"

"कोणी नाही."

"मग मध्ये परातीला पंचमी म्हणालीस ते?"

"ते माझंच आहे," मी म्हटलं. "ते पण माझंच."

ती म्हणाली, "पुढच्या वेळी मी येणार आहे तुझ्याबरोबर."

उन्हं चढली होती. भूकही लागली होती. मेन रोडपर्यंत चालत जाऊन आम्ही रिक्षा केली. मी इंदिरानगर सांगितलं, तसं रिक्षावाल्याने तोंड द्वारका चौकाच्या दिशेला वळवलं.

"द्वारकेने नको," मी म्हटलं. "शालिमारवरून मुंबई नाक्याने घ्या."

"मुंबई नाक्यालाबी तेच हाय, मॅडम. आत्ता गर्दीच गर्दी."

"द्वारकेला या वेळी सिग्नलवर अडकलं की सुटका नाही. सगळे ट्रक, सगळ्या बस तिथेच. तुम्हाला माहीत आहे."

"वहिनी, जाऊ द्या ना, तो रोजचा आहे," नणंद म्हणाली.

"तो रोजचा, आणि मी काय पाहुणी? तुम्ही मनमाडच्या, तुम्ही गप्प बसा!"

नणंदेने आ वासून माझ्याकडे पाहिलं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. मी माझा मुद्दा पुन्हा मांडला, यावेळी जरा वरच्या पट्टीत, कोणता रस्ता किती वाजता तुंबतो यासकट. शेजारच्या रिक्षातल्या बायकाही ऐकायला लागल्या. कितीतरी महिन्यांनी मी कोणाशी तरी भांडत होते आणि माझ्याकडे त्यासाठी पुरेसे शब्द होते.

आम्ही मुंबई नाक्यानेच गेलो.